सारख्या आलेल्या तीन चुका

आमच्या गणिताच्या सरांचा एक ठाम सिद्धांत होता. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, त्यात नवल काही नाही. चुकीची उत्तरं मात्र ज्याची त्याची वेगळी असतात. ती जुळली, तर कोणीतरी कोणाच्या तरी कागदात डोकावलेलं असतं.

माझं बारावीचं वर्ष होतं. बोर्डाची परीक्षा संपून सीईटी सव्वा महिन्यावर आली होती, आणि क्लासच्या एका रविवारच्या चाचणीत माझी आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची तीन चुकीची उत्तरं जुळली. प्रश्न सात, एकोणीस आणि एकतीस. तिन्हींना दोघींनी एकच चुकीचा पर्याय निवडला होता, आणि वर्गात तो दुसऱ्या कोणीही निवडला नव्हता.

मी कोणाच्या कागदात बघितलं नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे तिनं बघितलं असणार, असा हिशेब मी मनात करून टाकला, आणि त्याला फार वेळही लागला नाही.

संशय घेणं मला शिकावं लागलं नाही. दाराला कुलूप लावल्यावर मी परत जाऊन ओढून बघते. कोणी कौतुक केलं तर त्याला काय हवंय ते आधी शोधते. आई म्हणायची, "तू देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खाशील." मी चारचौघांत बोलायची नाही ते लाजेमुळे, पण ऐकायची सगळं. दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत होते, त्यामुळे क्लासमध्ये तोंड उघडलं की माझ्या मराठीला कोणीतरी हसेल अशी धास्ती असायची. सर मूळचे सांगलीकडचे, मोठ्या आवाजाचे. फळ्याकडे पाठ करून ते मला विचारायचे, "मॅडम, आमचं मराठी पोचतंय ना तुमच्यापर्यंत? का भाषांतर करू?" वर्ग हसायचा. मी मान डोलवायची.

पण सरांची पद्धत मला पहिल्या दिवशीच पटली होती. क्लास एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, हे त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलं होतं. ते पुसायचं नाही असा दंडक होता. ते म्हणायचे, "बोर्डाला पायऱ्या दाखवायच्या. इथं मशीन तपासतंय, मशीनला तुमच्या पायऱ्यांशी काय देणंघेणं? तीन फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत बघताक्षणी सुटतात ते. दुसरीत पेन लागतं ते. तिसरीत उरलेले, पण कोरा एकही सोडायचा नाही. आणि चारांतले तीन पर्याय खोटे आहेत हे पेपर काढणारा स्वतःच सांगतोय की! मग खऱ्याच्या मागं कशाला धावता? खोट्यांना धरा."

खोट्यांना धरा. मला वाटलं, हे तर मी घरी रोजच करते.

एक्सच्या जागी शून्य घालायचं. प्रश्नाचं जे उत्तर येईल ते पर्यायांशी ताडून बघायचं, न जुळणारे पर्याय उडवायचे. लांबलचक त्रिकोणमितीचा प्रश्न अर्ध्या मिनिटात गुडघे टेकायचा. माझा कच्च्या कामाचा कागद जवळपास कोरा राहायचा आणि गुण मात्र पहिल्या पाचांत. सरांना ते खटकायचं. चाचणी चालू असताना ते माझ्या बाकापाशी जरा जास्त वेळ रेंगाळायचे. मला ते कळायचं, आणि मी हात कागदावरून बाजूला घ्यायची, म्हणजे त्यांना नीट दिसावं.

माझी शेजारीण नाटे गावची. घरचे मासेमारीतले. ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीपासून सगळं एकदम इंग्रजीत. प्रश्नाची भाषा अडली की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी शब्द सांगायची. गणित मात्र तिचं माझ्यापेक्षा पक्कं होतं. ती सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सोडवायची, सुंदर गोल अक्षरात, आणि उत्तराखाली दोन रेघा मारायची. दर चाचणीत तिचे बारा-तेरा प्रश्न बघायचेच राहून जायचे.

एकदा सर तिचा भरगच्च कागद उंच धरून म्हणाले, "ही बघा. पेपर द्यायला आली का कादंबरी लिहायला?"

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "कादंबरीच हाय सर, पण शेवट यायच्या आधी घंटा होतेय."

त्या दिवशी सरही हसले.

त्या रविवारच्या चाचणीवर बरंच काही ठरणार होतं. चाळीस-एक मुलांतून वीस जणांची शेवटच्या महिन्याची तुकडी निवडली जायची. त्यांना खालच्या गल्लीतल्या एका संगणक केंद्रात रोज सकाळी खऱ्या परीक्षेसारखा सराव. परीक्षा संगणकाच्या पडद्यावर असते आणि माझ्या शेजारणीनं माउस हातात धरलेला फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत, तोही तिघींत एक. घरी संगणक नव्हता, फोनच्या काचेला मधोमध तडा. शिवाय बोर्डानंतर वसतिगृह रिकामं करतात. क्लासचं पत्र असेल तरच राहू देतात. तुकडीत नाव आलं नाही तर तिनं नाट्याला परत जायचं आणि त्या तडकलेल्या फोनवर जमेल तसा अभ्यास करायचा. हे सगळं तिनं मला एकदाच, शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं.

चाचणीच्या आधीच्या गुरुवारी क्लासला सुट्टी होती. आम्ही दोघी बसनं भाट्याच्या किनाऱ्याला गेलो आणि सुरूच्या झाडांखाली बसलो. वही तिनंच काढली.

"तू कसा करतेस गो येवढा लवकर? कागद तर कोराच असतो तुझा."

मी तिला दाखवलं. "पूर्ण सोडवूच नको. शून्य घाल. वरच्या पर्यायापासून सुरू कर. जुळला की खूण कर आणि पुढच्या प्रश्नावर जा."

"खालचे बघायचे नाय?"

"कशाला? जुळला ना?"

"आणि खालचा पण जुळला तर?"

"इतका विचार करत बसशील तर परत बारा प्रश्न राहतील."

तिनं दोन-तीन प्रश्न तसे करून बघितले. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर आलं. तरी तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. "चोरी केल्यासारखा वाटतंय," ती म्हणाली. मी हसले.

रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. मी खिडकीकडे, ती माझ्या डाव्या हाताला. घंटा व्हायला दहा मिनिटं असतील, तेव्हा मला जाणवलं की तिचं पेन थांबलंय. असं कधी व्हायचं नाही. मी नजर वर केली तर ती माझ्याच बाजूला तोंड करून बसली होती. मी काही न बोलता कोपर कागदावर ओढलं. ती गोष्ट मी तिथल्या तिथे मनात नोंदवून ठेवली.

पुढच्या शुक्रवारी सरांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा. टेबलावर आमच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवलेल्या, तीन ठिकाणी लाल गोल.

"सात. एकोणीस. एकतीस," सर म्हणाले. "एक जुळलं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. दोनला डोळेझाक केली असती. तीन? अख्ख्या वर्गात दुसऱ्या कोणाचं नाही. आणि हिचा कच्चा कागद बघा." त्यांनी माझ्या शेजारणीचा कागद उलटा-सुलटा केला. "एरवी जागा पुरत नाही. आज कोरा."

आम्ही दोघी त्या लाल गोलांवर वाकलो.

"बोला की."

"मी बघितलं नाही सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"म्हणजे हिनं बघितलं."

इथं काहीतरी बोलायला हवं होतं. माहीत नाही, इतकं तरी. मी टेबलाच्या कडेला निघालेल्या प्लायवूडच्या पापुद्र्याकडे बघत राहिले. सरांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तिनंही घेतला. ती माझ्याकडे बघतेय हे मला वर न बघता कळत होतं.

"मी पण नाय बघलं," ती म्हणाली.

"मग भूत लिहून गेलं का?" सरांनी कागद एकावर एक ठेवले. "सोमवारी सकाळपर्यंत जिनं केलंय तिनं येऊन सांगायचं. ती एकटी तुकडीतून जाईल. नाहीतर दोघीही."

जिन्यावर ती माझ्या पुढे होती. खाली पोचल्यावर ती वळेल असं मला वाटलं. ती सरळ एसटी स्टँडच्या दिशेनं गेली.

शनिवारभर मी पुरावे गोळा करत होते. तिचं थांबलेलं पेन. माझ्याकडे वळलेलं तोंड. कोरा कागद. सगळं व्यवस्थित जुळत होतं. आईनं जेवताना विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, पेपर तपासून आले." मला राग आला होता. मी तिला पद्धत शिकवली आणि तिनं उत्तरंच उचलली, असं काहीतरी मी मनात घोळवत होते. तिला फोन केला नाही. तिनं काय सांगितलं असतं, आणि मी त्यातलं किती खरं मानलं असतं?

रविवारी दुपारी, आपलं चुकलं कुठे ते बघायला, मी सातवा प्रश्न काढला. एक अपूर्णांक होता. वर एक अधिक साइन दोन एक्स वजा कॉस दोन एक्स, आणि खाली तेच, फक्त वजाच्या जागी अधिक. त्याचं सोपं रूप विचारलं होतं. पर्याय चार: साइन एक्स, कॉस एक्स, टॅन एक्स, कॉट एक्स. मी शून्य घातलं. अपूर्णांक शून्य झाला. पहिला पर्याय साइन, तोही शून्य. जुळला. मी साइनवर खूण केली होती.

बरोबर उत्तर होतं टॅन. शून्य घातल्यावर टॅनही शून्यच येतो.

मी पंचेचाळीस अंश घालून बघितलं. अपूर्णांक आला एक. टॅनही एक. साइन एक येत नाही. बस, इतकंच होतं. दुसरा आकडा घालायला मला पंधरा सेकंद लागली असती.

एकोणिसावा काढला. तीच गत. शून्याला दोन पर्याय जुळत होते, मी वरचा धरला होता. एकतीसचंही तसंच.

मग मी क्लासची वही उघडली. "शून्य घाला" ही ओळ होती, खाली दोनदा रेघ मारलेली. पुढे काही नव्हतं. पण सर त्यानंतर काहीतरी म्हणाले होते, ते मला आता ऐकू यायला लागलं. एकापेक्षा जास्त पर्याय जुळले तर दुसरा आकडा घाला, म्हणून चारही बघितल्याशिवाय हलू नका. वर्गातल्या बाकीच्यांनी ते लिहून घेतलं असणार. मी ते लिहिलंच नव्हतं. वेळ वाचतो म्हणून मी ते गाळलं होतं, आणि बऱ्याचदा उत्तर बरोबर येत गेलं म्हणून गाळलेलं विसरूनही गेले होते.

म्हणजे ही अर्धी पद्धत अख्ख्या वर्गात माझी एकटीची होती. आणि भाट्याला सुरूच्या झाडाखाली मी ती फक्त एकीला दिली होती.

मी तेव्हा तिला फोन केला. लागला नाही. नाट्याला तिच्या घरात रेंज येत नाही, अंगणाच्या टोकाला जावं लागतं. मी चार वेळा केला.

सोमवारी क्लास भरायच्या तासभर आधी मी माडीवर गेले. सर फळा पुसत होते. कोपऱ्यातलं सोडून.

"सांगायला आलात?"

मी वाक्य इंग्रजीत तयार केलं होतं, वाटेत मराठीत केलं होतं, आणि तोंडातून तिसरंच निघालं. "सर, तिच्या कच्च्या कागदावर शून्य असेल. बारीक. बघा ना."

"कसलं शून्य?"

मी फळ्यावर सातवा प्रश्न लिहिला. खडू हातात धरायची वेळ माझ्यावर वर्षभरात आली नव्हती. शून्य घातलं, पहिल्या पर्यायाला थांबले. मग म्हणाले, "मी असंच करते. दुसरा आकडा घालत नाही. तिला असंच शिकवलं, चाचणीच्या आधी. तिनं माझं बघितलं नाही. माझी चूक केली."

सरांनी पुढे होऊन टॅनमध्येही शून्य घालून बघितलं. मग म्हणाले, "हे शुक्रवारी का नाही बोललात?"

"शुक्रवारी मला माहीत नव्हतं."

"शनिवार-रविवारात दोघींनी मिळून ठरवलं नाही कशावरून?"

त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

त्यांनी आतून तिचा कागद आणला, खिडकीपाशी नेला. डाव्या समासात पेन्सिलीनं अगदी बारीक अक्षरात सात, पुढे एक्स बरोबर शून्य. खाली एकोणीस, पुढे तेच. एकतीस. आणखीही आठ-दहा आकडे होते, सगळे एकाखाली एक. हे तिनं लपवून लिहिलेलं वाटत होतं, जणू अशा पद्धतीनं सोडवल्याची तिला लाज वाटत होती.

सर "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये विश्वास होता असं मला म्हणता येणार नाही.

ती आली तेव्हा वर्ग भरला होता. खांद्यावर मोठी पिशवी होती. वसतिगृहातलं सामान न्यायच्या तयारीनं आली होती. सरांनी तिला दारातच थांबवलं आणि सातवा प्रश्न दाखवला. "सोडव. सगळ्यांसमोर."

मी फोन केला होता हे तिला माहीत असेल की नाही, मला माहीत नव्हतं. मी सरांशी बोललेय हे तर नक्कीच माहीत नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, खडू घेतला आणि विचारलं, "माझ्या पद्धतीन करू?"

"कर की."

वर एक वजा कॉस दोन एक्स म्हणजे दोन साइन वर्ग. खाली एक अधिक कॉस दोन एक्स म्हणजे दोन कॉस वर्ग. साइन दोन एक्स दोन्हीकडे फोडला. वरून दोन साइन बाहेर, खालून दोन कॉस बाहेर, कंसात उरलेलं सारखंच, ते कापलं. टॅन एक्स. खाली दोन रेघा. चार ओळी. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. शून्य आणि पंचेचाळीस घालायला मला जितका वेळ लागला असता, त्याहून कमीच लागला.

"हे येतंय," सर म्हणाले, "मग त्या दिवशी साइन कसं काय?"

ती माझं नाव घेईल म्हणून मी वाट बघत होते. घ्यायलाच हवं होतं.

"घाई शिकत होते सर," ती म्हणाली. "पुरती नाय शिकले."

कोणीतरी मागे हसलं. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कागद घडी करून खिशात टाकला. "दोघीही तुकडीत. पण एका बाकावर नाही. तू पहिल्या बाकावर, ह्या मॅडम शेवटच्या. आणि चाचणीला मी स्वतः मध्ये उभा राहणार."

दुपारी जिन्यावर मी तिला गाठलं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुला वाटला ना, मी बघलं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"कधीपर्यंत?"

"काल दुपारपर्यंत."

तिनं बोटांवर मोजलं. "शुक्रवार, शनिवार, अर्धा रविवार." मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी खिडकीतून बघत होते गो. पयल्यांदाच येळ उरला होता माझा. काय करायचा त्याचा, कळेना."

मी सरांशी काय बोलले ते तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण "बरं झालं" म्हणाली नाही. वसतिगृहाच्या पत्रावर सरांची सही घ्यायची राहिली होती, ती घ्यायला ती परत वर गेली.

पुढचा महिनाभर संगणक केंद्रातल्या तीन ओळींपैकी ती पहिल्या ओळीत आणि मी शेवटच्या ओळीत असायची. सर मधल्या वाटेत फेऱ्या घालायचे. ती अजूनही सगळं लिहूनच सोडवायची, पण पहिल्या फेरीत जे सुटत नाही ते सोडून पुढे जायला शिकली होती, आणि तिचे राहणारे प्रश्न बारावरून तीन-चारांवर आले होते. हे मला सर मोठ्यानं वाचून दाखवायचे तेव्हा कळायचं. मी शून्य घालायची, मग पंचेचाळीस, आणि चारही पर्याय बघायची. माझेही आता तीन-चार राहायला लागले होते.

शेवटच्या सरावाच्या दिवशी घंटा व्हायला थोडा वेळ असताना तिचं पेन थांबलं. मागून मला तिचं डोकं दिसत होतं. ते सावकाश उजवीकडे, खिडकीकडे वळलं. खिडकीत फक्त समोरच्या इमारतीचे पत्रे होते. तिच्या डाव्या हाताखाली कच्चा कागद होता, समासात पेन्सिलीनं कसला तरी बारीक आकडा लिहिलेला. जरा मान उंच केली असती तर तो मला वाचता आला असता.

मी पडद्याकडे वळले. माझे अजून तीन प्रश्न राहिले होते.